सोसायटी आणि रस्ता

मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली १८५३ साली. पहिल्या कापडगिरणीची जुळवाजुळव १८५४ची. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याच शहरात ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. लंडनची सोसायटी निघून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, आणि कलकत्ता-मद्रासला अशी संस्था यायला १८५६ उजाडलं. मुरगूड त्या काळी कागलकर घाटग्यांच्या जहागिरीतलं वेदगंगेकाठचं गाव. तिथवर ही बातमी पोचायचं काही कारणच नव्हतं. तरीही मुरगूडच्या आठवडी बाजारात आज कुणी मोबाइल वर करून भाजीवालीचा फोटो काढतो, तेव्हा त्याच्या नजरेला जे वळण असतं, त्यातलं बरंचसं त्या सोसायटीच्या काळात लागलेलं आहे, असं माझं मत आहे. म्हणून तिची वाटचाल लिहायची, आणि तीही मुरगुडात बसून.

सोसायटीत गोऱ्या अधिकाऱ्यांचा भरणा होता, पण एतद्देशीयांना दार बंद नव्हतं. डॉ. भाऊ दाजी लाड सभासद होते. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात असं फारसं काही नव्हतंच, जिथे भाऊ सभासद नव्हते. पण त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांचं मन मात्र खरोखर कॅमेऱ्यात रमलं. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. रसायनांची भीती नाही, बाटल्या-तराजू रोजच्या हाताखालचे. त्या काळी फोटोग्राफरला लागणारं अर्धं शिक्षण डॉक्टरला आपसूकच मिळालेलं असे. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकून पुढे आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतले सुरुवातीचे नामांकित हिंदी फोटोग्राफर. पुढे आर्यसमाज आणि थिऑसॉफिस्ट यांच्या व्यवहारात त्यांच्यावर पैशांच्या अफरातफरीचा ठपका आला, ती कथा निराळी.

बंगालच्या सोसायटीत याच सुमारास घडलेली एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. राजेंद्रलाल मित्र हे तिथले खजिनदार. १८५७ साली त्यांनी एका जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध तोंड उघडलं, आणि सोसायटीनं त्यांना काढून टाकलं. कॅमेरा हौसेचा, सभा हौसेची, सगळं खेळीमेळीचं. पण कोण कुणाकडे पाहणार आणि पाहणाऱ्यानं कुठे गप्प राहायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

आता त्या वेळच्या यंत्राचं बघू. फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ साली ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन ओतायचं, काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. मुंबईच्या उन्हात इथर भुर्रकन उडून जाई. बोटं काळी पडत, ती आठवडाभर निघत नसत. त्यामुळे अनेक जण जुनी कागदी निगेटिव्हच पसंत करत, कारण कागद घरून तयार करून नेता येई. मात्र त्याला प्रकाश मिनिटंच्या मिनिटं द्यावा लागे. अशा यंत्रापुढे रस्ता टिकणार कसा? १८३८ साली दागेरनं पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला. गाड्या, घोडे, माणसं, सगळी वर्दळ चालू होती, पण हललेलं सगळं पुसलं गेलं. उरला एकच माणूस, बूट पॉलिश करून घ्यायला पाय टेकून थांबलेला, आणि त्याच्या पुढ्यातला धूसर पॉलिशवाला. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून जगभर दाखवतात तो हा. म्हणजे सुरुवात रस्त्यावरच झाली होती म्हणायची, फक्त रस्ताच गायब झाला. मुरगूडचा एसटी स्टँड त्या कॅमेऱ्यानं टिपला असता, तर सलूनच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक स्वच्छ आलं असतं, न्हावी धूसर, आणि निपाणीची गाडी धरायला पळणाऱ्यांपैकी एकही नाही.

हललेलं पुसलं जातं म्हटल्यावर सोसायटीच्या मंडळींनी न हलणाऱ्या गोष्टी निवडल्या, यात त्यांचा दोष नाही. संस्थापक सभासदांपैकी कॅप्टन थॉमस बिग्ज यांना १८५५ साली कंपनी सरकारनं विजापूर आणि आसपासच्या वास्तूंचे फोटो घ्यायला नेमलं. चित्रकारानं महिनोन्‌महिने बसून रेखाटायचं काम कॅमेरा दिवसात करतो, असा हिशेब. बादामी-ऐहोळे-विजापूर हा टापू आपल्याला काही परका नाही. तिथली देवळं आणि मशिदी बिग्जच्या कागदी निगेटिव्हवर अप्रतिम आल्या आहेत. अशा चित्रांत क्वचित एखादा माणूस दिसतो, खांबाशेजारी उभा केलेला. तो कशासाठी, तर खांब किती उंच ते कळावं म्हणून.

पण माणसांचेही फोटो हवे होतेच, आणि इथे विल्यम जॉन्सन येतो. सरकारी नोकरीतून फोटोग्राफीत आलेला, सोसायटीच्या चालकांपैकी एक. विल्यम हेंडरसनबरोबर त्यानं १८५६ पासून एक मासिक अल्बम चालवला, त्यात छापील चित्रं नव्हे, खरे फोटो चिकटवलेले असत. मुंबई इलाख्यातल्या जाती आणि धंदे हा त्यातला एक मोठा विषय. याच सामग्रीतून पुढे त्याचं दोन खंडांचं पुस्तक निघालं, १८६३ आणि १८६६ साली, लंडनहून. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या पौर्वात्य जाती-जमातींचं. दुसरा खंड महाराष्ट्राचा. या पुस्तकाची गंमत अशी की, त्यातली माणसं जिथे उभी दिसतात तिथे ती उभी नव्हतीच. माणसं स्टुडिओत बसवून टिपायची, त्यांच्या आकृती कापून काढायच्या आणि दुसऱ्या निगेटिव्हवरच्या देवळापुढे, तळ्यापुढे किंवा रस्त्यावर बसवायच्या. आज फोटोशॉपवर करतात तेच, कात्रीनं. रस्त्यावरचा माणूस स्टुडिओत आणून, त्याची सगळी हालचाल काढून घेऊन, परत एका खोट्या रस्त्यावर ठेवला. खाली मथळा: जात, धंदा. माणसाचं नाव लिहायची गरज वाटली नाही, कारण तो माणूस म्हणून नव्हताच तिथे, नमुना म्हणून होता.

सत्तावन्नच्या उठावानंतर या नमुने गोळा करण्याला सरकारी बळ मिळालं. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, साडेचारशेहून अधिक फोटो, आणि मजकुरात कोणती जमात किती भरवशाची याचे शेरे. आपले हरिश्चंद्र चिंतामण यांचेही फोटो त्या कामात वापरले गेले. १८६९ साली सर सय्यद अहमद खान आपल्या मुलांसह लंडनला गेले असताना इंडिया ऑफिसात त्यांनी ते खंड चाळले. तेवढ्यात एक तरुण इंग्रज आला, पानं उलटून पाहिली आणि त्यांच्या मुलाला, महमूदला, विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद लाजेनं लाल झाला, हो म्हणाला, आणि लगेच पुस्ती जोडली की, आमचं घराणं मूळचं तिथलं नाही, पूर्वज बाहेरून आले. सर सय्यद यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. फोटोतल्या माणसाला, किंवा त्याच्या भाऊबंदाला, तो फोटो पाहून काय वाटतं, याची इतकी जुनी आणि इतकी बोचरी नोंद माझ्या पाहण्यात दुसरी नाही. पुस्तकातली माणसं उघडीवाघडी होती म्हणून महमूदला लाज वाटली असेल. पण त्यानं पुस्तक नाकारलं नाही, त्या माणसांनाच नाकारलं.

सोसायटीचा पहिला बहर पुढे ओसरला. हौशी अधिकारी बदलून गेले, धंदेवाले स्टुडिओ उभे राहिले, आणि पडदा आला. रंगवलेला पडदा: खांब, महिरप, बाग, पायऱ्या, लांबवर तळं. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात पाहा, आजोबा-पणजोबांचा जो एकुलता एक फोटो भिंतीवर आहे, त्यात ते शेतकरी असूनही संगमरवरी कठड्याला हात टेकून उभे असतात. जॉन्सन कापून चिकटवत होता, स्टुडिओवाल्यानं पार्श्वभूमीच आधी रंगवून ठेवली. फरक एवढाच की, इथे पैसे फोटोतला माणूस देत होता, आणि तो कठडा त्याला स्वतःला हवा होता. तेवढ्यानं बरंच बदलतं.

आणि पडद्यावरून आठवण निघाल्यावर कोल्हापूरला वळणं भाग आहे. बाबूराव पेंटर हे मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे. आनंदराव हे त्यांचे चुलतभाऊ, दोघांनी मिळून सिनेमाचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी हाय खाल्ली नाही. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९१८च्या सुमारास कोल्हापुरातच कॅमेरा घडवला, आणि १९२०च्या फेब्रुवारीत ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. भांडवलाला हात दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. कागलचं नाव लावणाऱ्या बाईच्या पैशावर मराठी सिनेमा उभा राहिला, ही गोष्ट आमच्या तालुक्यात जितक्या वेळा सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. त्याच कंपनीचा १९२५चा ‘सावकारी पाश’. पौराणिक नाही, ऐतिहासिक नाही. सावकाराच्या खोट्या कागदापायी जमीन गेलेला शेतकरी आणि शहरातली गिरणी. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम वणकुद्रे. त्यातलं झोपडी आणि तिच्यापाशी रडणारं कुत्रं हे दृश्य पाहणाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षं सांगितलं. धंदा फारसा झाला नाही. ज्यानं आयुष्यभर पडदे रंगवले, त्यानंच मागचा पडदा काढून टाकला आणि लोकांना काय दाखवलं, तर त्यांचंच रोजचं. लोक म्हणाले, हे बघायला पैसे कशाला? १९३१ पर्यंत कंपनी आटोपली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आधीच बाहेर पडून त्यांनी १९२९ साली प्रभात काढली होती. कॅमेरा रस्त्यावर न्यायचा म्हणजे गल्ल्याचा धोका पत्करायचा, एवढं त्यातून दिसून आलं.

मुंबईत १९३७ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ निघाली. ती १८५४च्या सोसायटीची कागदोपत्री वारस नव्हे, पण परंपरा तीच: सभा, प्रदर्शनं, स्पर्धा, पदकं, नवशिक्यांसाठी वर्ग. या संस्थेनं आणि तिच्या धर्तीवर गावोगाव निघालेल्या क्लबांनी शेकडो लोकांना डार्करूम शिकवली, छपाईची शिस्त लावली, हे कबूल करायला हवं. पण सलॉनची, म्हणजे या स्पर्धा-प्रदर्शनांची म्हणून एक चव तयार झाली. धुक्यातली होडी. धूळ उडवत परतणारी गुरं, मागून तिरपं ऊन. कुंभार आणि चाक. झोपडीच्या छपरातून आलेली प्रकाशाची तिरीप आणि तिच्यात विडी ओढणारा म्हातारा. १९५० साली निघालेल्या, अशा क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पदव्या नावापुढे लावायच्या तर ठरावीक संख्येनं फोटो स्वीकारले जायला हवेत, आणि स्वीकारले जायचे तर परीक्षकाला क्षणात कळायला हवेत. मग म्हाताऱ्याचा धंदा सुरू झाला. एका गावात एक म्हातारा, एक तिरीप, एक बंब धूर, आणि रांगेनं वीस कॅमेरे. मला हे फोटो पाहताना जॉन्सनची कात्री आठवते.

ज्या वर्षांत संस्था सलॉनच्या तयारीत होती, त्याच वर्षांत जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली एक मुलगी रोलायफ्लेक्स घेऊन मुंबईत फिरत होती. होमाई व्यारावाला. बायकांच्या एका क्लबच्या सहलीचे फोटो तिनं काढले, ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’नं छापले, दर फोटोला एक रुपया. पुढे युद्धकाळातली मुंबई तिनं टिपली: बायका कामावर जाताना, शाळेत शिकताना, रस्त्यात थांबलेल्या. सुरुवातीला हे फोटो ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये छापून यायचे ते तिच्या नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावानं. साडीतली बाई कॅमेरा घेऊन येते, तिला कोण मनावर घेणार? होमाईबाईंनी म्हातारपणी मुलाखतींत हेच सांगितलं की, लोक मला गांभीर्यानं घेत नसत आणि मला तेच सोयीचं पडे. दिल्लीला गेल्यावर त्या नेहरूंच्या, स्वातंत्र्याच्या फोटोंसाठी प्रसिद्ध झाल्या. पण रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा धडा म्हणून पाहायचे ते त्यांचे मुंबईचे आधीचे फोटो.

मधल्या काळात यंत्र हातात मावू लागलं होतं. १९२५ साली लायका बाजारात आला, कोटाच्या खिशात बसणारा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँनं आयुष्यभर बव्हंशी ५० मिमीचं एकच भिंग वापरलं आणि माणसं, सावल्या, भिंती यांची जुळणी एका झटक्यात पकडायची रीत घातली. १९४७ साली त्यानं मित्रांबरोबर मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली आणि त्याच वर्षअखेर तो भारतात आला. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींना भेटून तो निघाला, आणि त्यानंतर काही वेळातच गोळ्या झाडल्या गेल्या. मॅग्नमची घडण पाहण्यासारखी आहे: फोटोचा हक्क मासिकाचा नाही, फोटोग्राफरचा. पदकं नाहीत, तर हक्काचं भांडण. संस्था कशासाठी काढायची याचं हे निराळंच उत्तर होतं.

आपल्याकडे रस्ता आपल्या पायांनी चालणारे संस्थांबाहेरूनच आले. रघुबीर सिंग यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४चं. रंगीत, गच्च, एकाच चौकटीत चार-चार घटना. केम्प्स कॉर्नरच्या दुकानाची काच, तिच्यातलं प्रतिबिंब, पलीकडचा रस्ता, सगळं एकमेकांत मिसळलेलं. त्यात कुणीही नमुना म्हणून उभा नाही, कारण उभं राहायला जागाच नाही. केतकी शेठ यांचं ‘बॉम्बे मिक्स’ २००७चं, कृष्णधवल, रस्त्यावरचे फोटो असं नावातच सांगणारं. आणि सुधारक ओलवे. वर्तमानपत्रातला मराठी छायाचित्रकार, मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमागे वर्षानुवर्षं फिरला, गटारात उतरला, त्यांच्या घरी गेला. २०१६ साली पद्मश्री मिळाली. हे रस्त्यावरचं छायाचित्रण म्हणायचं की वृत्तचित्रण, यावर क्लबांत वाद होऊ शकतो. रस्ता रोज पहाटे झाडणाऱ्यांचे फोटो रस्त्यावरचे नाहीत, असं म्हणणाऱ्याशी मी तरी वाद घालणार नाही.

एवढं सगळं पाठीशी घेऊन मुरगूडच्या बाजारात उतरलं की, पहिल्या दहा पावलांत पुस्तकी गोष्टी गळून पडतात. पुस्तकं सांगतात: अदृश्य व्हा, गर्दीत विरघळा. मुंबईत ते जमतं, तिथे कुणी कुणाचं नाही. इथे अदृश्य होणं म्हणजे काय? कॅमेरा काढायच्या आत प्रश्न येतो, “कुणाचा रं तू?” गल्ली सांगितली की चुलता निघतो, चुलता निघाला की चहा. दुसरा प्रश्न, “पेपरात येणार व्हय?” आणि तिसरा, जरा सावध, विशेषतः रस्त्याला लागून बसलेल्यांकडून: “नगरपालिकेनं धाडलंय काय तुमास्नी?” कारण बाजारात कॅमेरा येतो तो दोनच कामांसाठी, बातमी नाही तर अतिक्रमण. पाटी मांडून बसलेल्या बाईला कार्तिए-ब्रेसाँ माहीत असायची गरज नाही. तिला उद्या इथून उठवतील का, एवढंच कळायला हवं. ते उत्तर आधी द्यावं, मग कॅमेरा काढावा.

त्यानंतर जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लोक सरळ उभे राहतात. हात बाजूला, हनुवटी वर, डोळे भिंगात, हसू बंद. पणजोबांची ती कठड्याची उभं राहण्याची तऱ्हा रक्तात उतरली आहे. “आमचा बी एक काढा की,” म्हणणाऱ्याचा तसाच सरळ फोटो काढावा, तो त्याचा हक्क आहे. त्या फोटोनंतर माणूस आपल्या कामाला लागतो, आणि खरा बाजार तिथून सुरू होतो. कांदे तोलताना तराजूच्या काट्याकडे एकाच वेळी तिघांची नजर असते, विकणारीची, घेणाऱ्याची आणि शेजारच्या पाटीवाल्याची, आणि तिघांचे चेहरे तीन तऱ्हेचे. हिशेबात अडकलेला माणूस ओठ हलवत आकाशाकडे बघतो. पिशवी तोंडात धरून सुटे शोधणारी बाई. यातलं काहीही सांगून करून घेता येत नाही.

हातातल्या यंत्राचंही थोडं सांगतो, कारण मनोवृत्ती मनोवृत्ती म्हणून सगळेच बोलतात आणि फोटो मात्र हललेले येतात. बाजारात फोकस शोधत बसलं की क्षण जातो. २८ मिमीचं भिंग, छिद्र एफ-८, फोकस सव्वातीन मीटरवर बांधून टाकायचा. पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यावर साधारण पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं चालण्यासारखं धारदार येतं. शटर अडीचशेच्या खाली आणायचं नाही, नाहीतर तोलणारा हात पुसट होतो. तो पुसट हवाच असेल तर गोष्ट निराळी. मग उरतं फक्त अंतर, आणि अंतर पायांनी ठरतं. झूम लावून लांबून ओढलेला माणूस फोटोत लांबच राहतो, आणि त्यालाही ते कळतं. राहता राहिला प्रकाश. निम्मा बाजार ताडपत्रीखाली असतो. निळ्या ताडपत्रीखाली टोमॅटो जांभळे आणि चेहरे आजारी दिसतात. मोबाइल ते आपोआप सुधारायला जातो आणि सगळं मातकट करून ठेवतो. मला ती निळाई तशीच ठेवलेली आवडते. दोन ताडपत्र्यांच्या फटीतून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात माणूस येईपर्यंत उभं राहायचं, एवढं एकच कसब बाजारात रोज उपयोगी पडतं.

कायद्याचं विचारतात म्हणून: उघड्यावर, चारचौघांत काढलेल्या फोटोला सरसकट बंदी नाही, पण २०१७ पासून खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला गेला आहे, आणि बाईमाणसाच्या खासगी क्षणाचा चोरून फोटो घेणं हा गुन्हा आहे. खेड्यात याहून कडक नियम आधीपासून आहे. कुणी पदर तोंडावर ओढला, मान फिरवली, की कॅमेरा खाली. वाद घालायचा नाही, समजावायचं नाही. काढला गेलाच असेल तर दाखवायचा आणि समोर पुसायचा.

आमच्या जिल्ह्यात फोटोग्राफरांची खरी झुंबड उडते ती पट्टणकोडोलीला, विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत. फरांडे बाबांची भाकणूक, घोंगड्या, ढोल, तलवार, आणि भंडाऱ्याचे ढग. सगळं पिवळं. देशभरातून लोक येतात, शिड्या लावतात, कॅमेऱ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधतात आणि एकासारखे एक फोटो घेऊन जातात. स्पर्धांत ते लागतात, लागायलाही हवेत, दृश्यच तसं आहे. पण तोच धनगर चार दिवसांनी मुरगुडात पेंडीचा भाव करत असतो, मोबाइलच्या दुकानात रिचार्जसाठी भांडत असतो, बाळूमामांच्या आदमापूरला जाणाऱ्या वडापमध्ये, म्हणजे प्रवासी जीपमध्ये, दाटीवाटीनं बसून नातवाला व्हिडिओ कॉल लावत असतो. तिथे एकही शिडी नसते. पिवळ्या ढगात तो धनगर असतो. वडापमध्ये तो कुणाचा तरी आजा, कुणाचा तरी कर्जदार, जरासा बहिरा, विनोदी. जॉन्सनचा मथळा पिवळ्या फोटोखाली आजही जसाच्या तसा बसतो. वडापमधल्या फोटोखाली तो बसत नाही, आणि म्हणून परीक्षकाला त्याचं काय करायचं ते समजत नाही.

आता क्लबांच्या स्पर्धांत ‘स्ट्रीट’ असा स्वतंत्र विभाग असतो. निसर्ग, व्यक्तिचित्र, प्रवास, स्ट्रीट. सोसायटीनं रस्त्याला शेवटी घरात घेतलं, म्हणायचं. पण विभाग झाला की साचा होतो, आणि साचा तयार झालाच आहे: रंगीत भिंतीपुढून जाणारा एकटा माणूस, जाहिरातीतल्या बाईच्या बोटाखाली आलेलं खऱ्या माणसाचं डोकं, छत्रीची सावली. चतुर असतात हे फोटो. एकदा पाहिले की संपतात.

प्रवेशअर्जात शीर्षक, ठिकाण, कॅमेरा यांचे रकाने असतात. फोटोत कोण आहे, असा रकाना मी अजून पाहिलेला नाही. तो असावा, असं मला वाटतं, सक्तीचा नव्हे. कारण १९३२ साली सेंट-लाझार स्टेशनामागच्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचं नाव कार्तिए-ब्रेसाँलाही ठाऊक नव्हतं, आणि तरी त्या फोटोखाली ‘फ्रेंच जमातीचा पुरुष’ असं लिहायचं कुणाला सुचणार नाही. त्याचा पाय पाण्याला लागायच्या आतला तो क्षण फक्त त्याचा आहे. पॅरिसच्या गर्दीत नाव विचारायला सवड नसते. मुरगुडात ती सबब चालत नाही. इथे बहुतेक वेळा आपल्या आधी समोरचाच आपलं नाव विचारून मोकळा झालेला असतो.